जुनी हार्डडिस्क ॲडॉप्टरला लावली, पण संगणकाला दिसत नाही: काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

कपाटातून निघालेली जुनी डिस्क, नवा लॅपटॉप आणि मध्ये यूएसबीचा ॲडॉप्टर. या जोडणीतला बिघाड पुन्हा पुन्हा त्याच मोजक्या रूपांत समोर येतो. आपलं लक्षण नेमकं कोणतं हे आधी ओळखा, पुढचा रस्ता त्यावर ठरतो.

• ॲडॉप्टरचा दिवा लागतो, पण डिस्क फिरत नाही. हाताला थरथर नाही, कानाला आवाज नाही.
• डिस्क फिरायला लागते, टक्-टक् करते, थांबते, परत फिरते.
• डिस्क शांतपणे फिरते, पण विंडोजमध्ये काहीच उमटत नाही, किंवा ‘यूएसबी डिव्हाइस ओळखता आलं नाही’ अशी सूचना येते.
• डिस्क दिसते, पण उघडताना ‘फॉरमॅट करा’ असं म्हणते.
• क्षमता चुकीची दिसते: १६० जीबीची डिस्क १२८, ८० ची ३१.५, कधी शून्य.
• सगळं दिसतं, कॉपीही सुरू होते, आणि मध्येच डिस्क गायब होते.

यातल्या बहुतेक वेळी दोष डिस्कचा नसतो. वीज कमी पडते, जंपर (डिस्कच्या मागच्या पिनांवर बसणारी छोटी टोपी) चुकीच्या जागी असतो किंवा ॲडॉप्टर हलक्या प्रतीचा असतो. तरीही ‘डिस्क गेली’ म्हणून ती भंगारात जाते, आणि तिच्यात लग्नाचे फोटो, दुकानाचा टॅलीचा डेटा, आजोबांच्या आवाजाचं रेकॉर्डिंग असतं. म्हणून क्रमाने तपासा. पण खरोखर आजारी असलेली डिस्क प्रत्येक वेळी चालू केल्यावर थोडी अधिक बिघडते, हेही ध्यानात ठेवा.

सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक नियम पाळा. विंडोजने ‘फॉरमॅट’ किंवा ‘इनिशिअलाइझ’ विचारलं तर रद्द करा. चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासून दुरुस्त करण्याची सोय) चालवू नका. हे तिन्ही प्रकार डिस्कवर लिहितात, आणि डेटा बाहेर येईपर्यंत त्या डिस्कवर एक अक्षरही लिहिलं जाता कामा नये.

आधी डिस्क ओळखा (खर्च शून्य)

चुकीच्या जागी बसवलेल्या पिनेने डिस्कचं सर्किट जळू शकतं, म्हणून वीज देण्याआधी ती उलटी करून मागची बाजू पाहा.

साडेतीन इंची जुनी आयडीई (साटाच्या आधीच्या जोडणीची) डिस्क: दोन ओळींत ४० पिनांची जागा, त्यातली मधली एक, २० नंबरची, मुद्दाम नसते. शेजारी चार जाड पिनांचं मोलेक्स सॉकेट. इथे पिवळी तार १२ व्होल्ट, लाल ५ व्होल्ट, मधल्या दोन काळ्या ग्राउंडच्या. चपट्या पट्ट्याची लाल कडा १ नंबरच्या पिनेकडे यायला हवी, आणि बहुतेक डिस्कवर ती पिन मोलेक्सच्या बाजूला असते.

लॅपटॉपची अडीच इंची आयडीई डिस्क: पिना जवळजवळ, संख्या ४४. वीजही त्यांतूनच जाते, वेगळं सॉकेट नसतं. या ४४ नंतर एका जोडीची जागा मोकळी सोडून जंपरच्या आणखी चार पिना असतात. सगळ्यात महाग चूक इथे होते. ॲडॉप्टर एका जोडीने सरकवून बसवला तर ५ व्होल्ट भलत्याच पिनांवर जातात. उजेडात, डोळ्यासमोर धरून बसवा. २० नंबरची बुजवलेली जागा जुळली आणि जंपरच्या चार पिना मोकळ्या राहिल्या, तर बरोबर बसलं. जोर लावावा लागत असेल तर काहीतरी चुकतंय.

साटा डिस्क: पिना नाहीत, एल आकाराच्या दोन चपट्या पट्ट्या. छोटी ७ संपर्कांची डेटासाठी, मोठी १५ संपर्कांची विजेसाठी, आणि दोन्हींच्या मध्ये खाच. ती खाच भरलेली असेल तर डिस्क सर्व्हरची, एसएएस जातीची आहे. साध्या साटा ॲडॉप्टरवर ती चालणार नाही, त्यात दोष कुणाचाच नाही. तसंच ५०, ६८ किंवा ८० संपर्कांचं सॉकेट दिसलं तर ती स्कझी डिस्क. कोणताही आयडीई ॲडॉप्टर तिच्या कामाचा नाही.

वीज चालू असताना आयडीईचा जोड लावू किंवा काढू नका. ती पद्धत गरम जोडणीसाठी बनलेलीच नाही. क्रम असा: आधी डिस्क ॲडॉप्टरला, मग विजेचा ब्रिक (भिंतीच्या सॉकेटला लागणारा वेगळा वीजपुरवठा) चालू, डिस्क पूर्ण वेगाने फिरायला आठ-दहा सेकंद, आणि शेवटी यूएसबी. हा क्रम उलटा झाल्यामुळे न दिसणाऱ्या डिस्क पुष्कळ असतात: ॲडॉप्टरची चिप डिस्कला हाक मारते तेव्हा डिस्क अजून वेग घेत असते.

डिस्क लाकडी टेबलावर किंवा पुठ्ठ्यावर ठेवा. खालचं सर्किट उघडं असतं, ते लोखंडी कपाटाला किंवा स्टीलच्या टेबलाला टेकलं तर शॉर्ट होऊ शकतं.

पोर्ट आणि केबल

डेस्कटॉप असेल तर मागचा पोर्ट वापरा. पुढचे पोर्ट आतल्या लांब तारेने बोर्डला जोडलेले असतात, व्होल्टेज तिथेच पडतं. हब नको, एक्स्टेन्शन केबल नको, लॅपटॉपच्या टाइप-सी ला लावलेला स्वस्त कन्व्हर्टरही सध्या बाजूला ठेवा. दुसरी केबल घेऊन पाहा. नुसत्या चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात, आणि बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात.

कॉपी करताना डिस्क मध्येच गायब होत असेल तर जुना, बहुधा काळ्या जिभेचा यूएसबी २.० पोर्ट वापरून पाहा. वेग घटतो, पण यूएसबी ३ वर काही ॲडॉप्टरच्या चिपा यूएएसपी या वेगवान देवाणघेवाणीच्या पद्धतीत अडखळतात, त्या इथे निमूटपणे चालतात. मात्र डिस्कला वेगळा वीजपुरवठा असेल तरच हा उपाय करा, कारण या पोर्टातून वीज कमी मिळते. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा, लॅपटॉपची झोपही बंद करा.

वीज: निम्मे बिघाड इथेच मिटतात

यूएसबी २.० चा पोर्ट नियमानुसार ५०० मिलीॲम्पिअर देतो, यूएसबी ३.० चा ९००. अडीच इंची डिस्क एकदा फिरायला लागली की तेवढ्यात भागवते, पण सुरुवातीला तबकडीला वेग देताना तिला सुमारे एक ॲम्पिअर लागतो. तो मिळाला नाही तर डिस्क अर्धवट फिरते, हेड (तबकडीवरचा डेटा वाचणारा भाग) मागे घेते, परत प्रयत्न करते. तेच टक्-टक्. ऐकणाऱ्याला वाटतं हेड गेलं. म्हणून टकटक ऐकू आली की लगेच वीज काढा, आणि दोन तोंडांची वाय-केबल किंवा वेगळा ५ व्होल्टचा पुरवठा देऊन एकदाच, फक्त एकदाच, परत पाहा. आवाज गेला तर दोष विजेचा होता. चांगल्या विजेवरही टकटक राहिली तर या लेखाचा शेवटचा भाग वाचा आणि मधलं काहीही करू नका.

साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टही लागतात, आणि यूएसबी ते देत नाही. नुसत्या यूएसबी केबलवर ती फिरणं शक्यच नाही. ‘दिवा लागतो पण फिरत नाही’ हे लक्षण असेल तर पहिला प्रश्न हाच: १२ व्होल्टचा ब्रिक लावलाय का? ब्रिकवर निदान १२ व्होल्ट २ ॲम्पिअर लिहिलेलं असावं. आयडीई-साटा जोड ॲडॉप्टरबरोबर येणारे ब्रिक १२ आणि ५ असे दोन्ही व्होल्टेज देतात, आणि त्यांतले पुष्कळ कागदावरच २ ॲम्पिअरचे असतात. त्यांचं मोलेक्सकडे जाणारं चार पिनांचं गोल तोंडही नाजूक: पिन वाकते, १२ ची बाजू तुटते, ५ ची चालू राहते, आणि दिवा मात्र लागतच राहतो.

साधा मल्टिमीटर असेल तर पाच मिनिटांत निकाल लागतो. नसेल तर पुण्यातल्या तापकीर गल्लीसारख्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून आणा, घरात कायम उपयोगी पडतो. डिस्क जोडलेली असताना मोलेक्सच्या मागून मोजा: पिवळी ते काळी ११.४ ते १२.६ व्होल्ट, लाल ते काळी ४.७५ ते ५.२५. डिस्क न जोडता मोजण्यात अर्थ नाही. कमजोर ब्रिक रिकामा असताना अगदी नीट १२ दाखवतो, आणि डिस्क फिरायला लागली की १० वर घसरतो.

ब्रिक बाद निघाला तर डेस्कटॉपच्या एसएमपीएसचं (आतल्या वीजपुरवठ्याच्या पेटीचं) मोलेक्स वापरता येतं: वीज तिथून, डेटा यूएसबी ॲडॉप्टरमधून, आणि तो ॲडॉप्टर त्याच संगणकाला. साटा डिस्कसाठी मोलेक्स-ते-साटा वायर घेणार असाल तर तिचं तोंड पाहून घ्या. एकसंध प्लास्टिकमध्ये ओतलेल्या तोंडाच्या वायरींत आत तारा एकमेकींजवळ सरकलेल्या असतात, त्या तापून पेटल्याची उदाहरणं आहेत. दाबून बसवलेल्या, मागून प्रत्येक तार वेगळी दिसणाऱ्या तोंडाची घ्या.

जंपर (फक्त आयडीई)

एका पट्ट्यावर दोन डिस्क बसत, म्हणून ‘मास्टर’ कोण आणि ‘स्लेव्ह’ कोण हे जंपरने ठरायचं. यूएसबी ॲडॉप्टर बहुधा मास्टरलाच हाक मारतो. जुन्या संगणकात डिस्क दुसरी म्हणून बसवलेली असेल तर ती स्लेव्हवर असते. ती छान फिरते आणि तरीही दिसत नाही. केबल सिलेक्टवर ठेवलेली डिस्क २८ नंबरच्या पिनेवरून आपली भूमिका ओळखते. ॲडॉप्टरने ती पिन ग्राउंडला जोडली नसेल तर डिस्क स्वतःला स्लेव्ह समजते. म्हणून केबल सिलेक्टवर विसंबू नका.

जंपरचा नकाशा डिस्कच्या लेबलावर छापलेला असतो. मास्टरवर ठेवा. वेस्टर्न डिजिटलच्या बऱ्याच जुन्या डिस्कवर ‘मास्टर’ आणि ‘सिंगल’ अशा दोन वेगळ्या जागा असतात. तिथे मास्टर म्हणजे ‘बरोबर स्लेव्हही आहे’. एकटी डिस्क असेल तर सिंगल, म्हणजे बहुधा जंपर काढूनच टाकायचा. अडीच इंची डिस्कवर जंपर नसणं म्हणजे साधारणपणे मास्टर. जंपर बदलताना वीज बंद.

आणखी एक जंपर असतो तो क्षमता कमी दाखवण्याचा. १९९९-२००० च्या सुमाराचे काही बायोस (संगणक सुरू करणारे मूळ प्रोग्राम) ३२ जीबीच्या पुढची डिस्क पाहून लटकायचे, त्यासाठी ही सोय. तो लावलेला राहिला तर ८० जीबीची डिस्क विंडोजमध्ये ३१.५ जीबी दिसते. लेबल पाहून तो काढला की पूर्ण क्षमता परत येते.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये पाहा

‘दिस पीसी’मध्ये नाही म्हणजे कुठेच नाही, असं नसतं. विंडोजची कळ आणि एक्स दाबा, डिस्क मॅनेजमेंट उघडा, आणि खालच्या भागात काय लिहून येतं ते वाचा.

विभाग दिसतोय, ‘हेल्दी’ आहे, पण अक्षर नाही? उजवं बटण दाबून ड्राइव्हचं अक्षर द्या. दुसऱ्या पेनड्राइव्हने किंवा नेटवर्क ड्राइव्हने तेच अक्षर अडवलेलं असतं. ‘ऑफलाइन’ असेल तर ऑनलाइन करा. ‘फॉरेन’ म्हणत असेल तर ती दुसऱ्या संगणकावर तयार झालेली डायनॅमिक (विंडोजच्या वेगळ्या विभागणीची) डिस्क आहे. आयात करताना विंडोज तिच्यावर लिहितो, म्हणून डेटा मोलाचा असेल तर आधी प्रतिमा (संपूर्ण डिस्कची हुबेहूब नक्कल) काढा, मग आयात.

‘रॉ’ किंवा ‘नॉट इनिशिअलाइझ्ड’ दिसलं की बहुतेक जण घाबरून फॉरमॅट करतात. थांबा. याची साधी कारणंही असतात. डिस्क मॅकची किंवा लिनक्सची असेल तर विंडोजला ती वाचताच येत नाही. पेनड्राइव्हवरून लाइव्ह उबुंटू (इन्स्टॉल न करता चालणारं लिनक्स) सुरू करून पाहा, बहुतेक वेळा फोल्डर समोर उघडतात.

डिस्क एखाद्या तयार एक्स्टर्नल खोक्यातून काढलेली असेल तर त्या खोक्याचंच सर्किट लागू शकतं. काही खोकी ५१२ बाइटऐवजी ४०९६ बाइटचे सेक्टर दाखवतात, काही सगळा डेटा आपल्या चिपमध्ये कूटबद्ध करूनच डिस्कवर उतरवतात. अशी डिस्क दुसऱ्या ॲडॉप्टरला लावली की रिकामी किंवा रॉ दिसते, आणि तिथे फॉरमॅट करणं म्हणजे धडधाकट डेटा आपल्या हाताने पुसणं. जुनं खोकं टाकून देऊ नका.

‘नो मीडिया’ किंवा शून्य बाइट याचा अर्थ ॲडॉप्टर दिसतोय, डिस्क उत्तर देत नाही. वीज आणि जंपर पुन्हा पाहा. ते ठीक असूनही शून्यच येत असेल तर बिघाड डिस्कच्या आत आहे. सीगेटच्या बाराकुडा ७२००.११ मालिकेतल्या काही डिस्क (२००८-०९ चा काळ) फर्मवेअरच्या (डिस्कच्या आतल्या प्रोग्रामच्या) दोषामुळे अशाच अडकायच्या: फिरतात, आवाज निरोगी, पण संगणकाला दिसत नाहीत किंवा क्षमता शून्य. यात डेटा सहसा शाबूत असतो आणि जाणकार तो काढू शकतो, म्हणून घरी प्रयोग करत बसू नका.

जुन्या विंडोजमधले फोल्डर उघडताना परवानगी नाकारली, तर तो बिघाडच नाही. फाइली जुन्या संगणकातल्या खात्याच्या नावावर आहेत. ‘कंटिन्यू’ दाबून चालतं, पण त्याने डिस्कवर परवानग्या नव्याने लिहिल्या जातात. कमजोर डिस्कसाठी लाइव्ह उबुंटूमध्ये, फक्त वाचण्यापुरती जोडून, कॉपी करणं बरं.

क्षमता चुकते तेव्हा

तीन आकडे लक्षात ठेवा. ३१.५ जीबी म्हणजे जंपर. १२८ जीबी म्हणजे ॲडॉप्टरची चिप जुनी, २८ बिटांच्या पत्त्यांपुरती: तिची हद्द १३७ अब्ज बाइट, विंडोज ते १२८ जीबी दाखवतो. ३ टीबीची डिस्क ७४६ जीबी दिसली तर चिप ३२ बिटांच्या, म्हणजे सुमारे २.२ टीबीच्या हद्दीत अडकली आहे. शेवटच्या दोन्हींना एकच उपाय, नवा ॲडॉप्टर. तोपर्यंत त्या डिस्कवर काहीही लिहू नका. हद्दीपलीकडे गेलेलं लिखाण डिस्कच्या सुरुवातीला येऊन पडू शकतं, आणि विभागांचा तक्ता तिथेच असतो.

दुसरा ॲडॉप्टर, किंवा थेट जोडणी

इथवर सगळं ठीक असून डिस्क दिसत नसेल तर दुसऱ्या जातीचा ॲडॉप्टर लावा. तोच नमुना परत घेऊ नका, चिप तीच निघते. दुकानदाराला आत कोणती चिप आहे ते विचारा. साटासाठी एएसमीडिया किंवा जेमायक्रॉनच्या अलीकडच्या चिपा भरवशाच्या आहेत. ज्या ॲडॉप्टरवर शंका आहे त्यावर एखादी चालू स्थितीतली बिनमहत्त्वाची डिस्क लावून पाहा. इतकी साधी तपासणी सहसा कुणी करत नाही, आणि दोष डिस्कचा की ॲडॉप्टरचा ते तिथेच कळतं.

त्याहून खात्रीचा मार्ग मदरबोर्डचा. साटा डिस्क कोणत्याही डेस्कटॉपला आतून जोडता येते. आयडीईसाठी जुना टॉवर शोधावा लागेल. इंटेलने २००६ च्या आयसीएच८ पासून चिपसेटमधून आयडीई काढलं, पण पुढची काही वर्षं बोर्ड बनवणारे वेगळी चिप घालून एक सॉकेट देत होते. एखाद्या नातेवाइकाच्या माळ्यावर असा संगणक हमखास सापडतो. लॅपटॉपच्या डिस्कला जुना बायोस पासवर्ड लावलेला असेल तर ती यूएसबी ॲडॉप्टरवर सहसा उघडत नाही, तिला मूळ लॅपटॉप किंवा अशी थेट जोडणीच लागते.

दिसली, आता घाई नको

कॉपीच्या आधी क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची तब्येत (तिचे ‘स्मार्ट’ आकडे) दाखवणारा प्रोग्राम उघडा. ०५ (बदललेले सेक्टर), सी५ (वाचायला अडणारे) आणि सी६ (न वाचता आलेले) या ओळींच्या रॉ आकड्यांत शून्य असेल तर बिनधास्त कॉपी करा. सी७ वाढत असेल तर दोष केबलचा किंवा जोडाचा, तबकडीचा नव्हे. केबल बदला. सी५ किंवा सी६ शून्याहून जास्त असेल तर विंडोजची कॉपी वापरू नका. विंडोज एका खराब जागेवर परत परत हेड नेत राहतो. लिनक्समधलं डीडीरेस्क्यू वापरून दुसऱ्या, मोठ्या डिस्कवर संपूर्ण प्रतिमा उतरवा, नोंदीच्या फाइलसह. पहिल्या फेरीत खराब भाग सोडून सोपं तेवढं उचलू द्या, अवघड जागा नंतर. फाइली त्या प्रतिमेतून काढा. स्मार्टचे आकडे काही ॲडॉप्टर पुढे पाठवतच नाहीत, तेव्हा आकडे नाहीत म्हणून डिस्क निरोगी समजू नका.

वेळेचा अंदाज: यूएसबी २.० वर साधारण ३० एमबी प्रति सेकंद धरा. ८० जीबीला पाऊण तास, ५०० जीबीला साडेचार-पाच तास, लहान फाइली फार असतील तर त्याहून जास्त. पुण्यात गुरुवार हा महावितरणच्या देखभालीचा वार, तेव्हा बुधवारी रात्री लांब कॉपी लावून झोपू नका. लॅपटॉप बॅटरीवर तगतो, डिस्कचा ब्रिक तगत नाही. एप्रिल-मेच्या दुपारी उघड्यावरची साडेतीन इंची डिस्क लवकर तापते. बाजूला छोटा पंखा ठेवा, तापमान ५० अंशांच्या पुढे गेलं की थांबा.

कधी थांबायचं

चांगल्या विजेवरही टकटक. घासल्यासारखा किंवा शिट्टीसारखा आवाज. मोटार गुणगुणते पण फिरत नाही. जळकट वास, किंवा सर्किटवर काळा डाग. डिस्क कधीतरी पडलेली किंवा पावसाच्या पाण्यात भिजलेली. डीडीरेस्क्यूचा वेग सेकंदाला काही केबींवर आला आणि चुका वाढत चालल्या. यातलं एक जरी असलं तर वीज काढा आणि परत लावू नका. भिजलेली डिस्क हेअर ड्रायरने किंवा तांदळात वाळवायची नाही. फ्रीजरमध्ये ठेवायची नाही, टेबलावर आपटायची नाही. झाकण तर मुळीच उघडायचं नाही: हेड तबकडीपासून इतकं जवळ तरंगतं की धुळीचा कणही मध्ये मावत नाही. त्याच मॉडेलचं सर्किट आणून बदललं तरी बहुधा भागत नाही, कारण त्या एका डिस्कची जुळवणी मूळ सर्किटवरच्या रॉम चिपमध्ये असते आणि ती चिप हलवावी लागते.

नेहमीच्या संगणक दुरुस्तीवाल्याकडे नाही, फक्त डेटा काढण्याचं काम करणाऱ्याकडे जा. आधी विचारा: स्वच्छ कक्ष किंवा लॅमिनार फ्लोची (धूळविरहित हवेच्या झोताची) सोय आहे का, काम आधी प्रतिमा काढून तिच्यावरच होणार का, डेटा निघाला नाही तर किती पैसे घेणार, पैसे देण्याआधी मिळालेल्या फाइलींची यादी दाखवणार का, मूळ डिस्क आणि तिचं सर्किट परत मिळणार का. ‘समोर बसा, इथेच उघडून देतो’ म्हणणाऱ्याकडून डिस्क उचलून घरी या. जाताना कागदावर लिहून न्या: कोणता आवाज, किती वेळा वीज दिली, कोणता ॲडॉप्टर, कोणती सूचना, आणि कोणत्या फाइली सगळ्यात आधी हव्यात. शेवटची नोंद विशेष कामाची, कारण मरणाऱ्या डिस्कमधून आधी काय उचलायचं ते त्यावरून ठरतं.